झेड१२ आणि झेड२१ जुळेनात: टू-पोर्ट प्रॅक्टिकलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातलं आहे. दुसऱ्या वर्षाची इलेक्ट्रिकलची बॅच, नेटवर्क ॲनालिसिसचं प्रॅक्टिकल, दोन तासांचा वेळ आणि चार जणांचा गट. ती प्रयोगशाळा माझ्याकडे होती. कॉलेजचं आणि मुलांचं नाव देत नाही. त्याची गरजही नाही, कारण असंच प्रॅक्टिकल बहुतेक कॉलेजांत होतं आणि अशीच अडचण कुठेही येऊ शकते.

प्रयोग साधा आहे. टेबलावर एक बंद पेटी, तिला चार टर्मिनल. डावीकडची जोडी म्हणजे पोर्ट १, उजवीकडची म्हणजे पोर्ट २. आत काय आहे ते मुलांना सांगायचं नाही. बाहेरून व्होल्टेज आणि करंट मोजून पेटीचे पॅरामीटर काढायचे: आधी झेड (एक पोर्ट मोकळा ठेवून व्होल्टेज भागिले करंट), मग वाय (एक पोर्ट शॉर्ट करून करंट भागिले व्होल्टेज), मग ए-बी-सी-डी (पोर्ट १ चे व्होल्टेज-करंट पोर्ट २ च्या व्होल्टेज-करंटच्या भाषेत). झेड२१ मधला पहिला आकडा म्हणजे व्होल्टेज कुठल्या पोर्टवर पाहिलं, दुसरा म्हणजे करंट कुठून सोडला; वायमध्ये तसंच, फक्त करंट पाहायचा आणि व्होल्टेज द्यायचं. शेवटी पेटी रेसिप्रोकल आहे का, म्हणजे परस्परतेचा नियम पाळते का, ते तपासायचं.

परस्परतेचा अर्थ मी मुलांना असा सांगते. पोर्ट १ मधून ठरावीक करंट आत सोडला आणि मोकळ्या पोर्ट २ वर काही व्होल्टेज मिळालं. आता जागा बदला. तेवढाच करंट पोर्ट २ मधून सोडा आणि मोकळ्या पोर्ट १ वर व्होल्टेज पाहा. दोन्ही वेळा व्होल्टेज तेवढंच आलं तर जाळं रेसिप्रोकल. पॅरामीटरच्या भाषेत झेड१२ बरोबर झेड२१, वाय१२ बरोबर वाय२१, आणि ए-बी-सी-डीमध्ये ए×डी वजा बी×सी बरोबर १. हायब्रिड पॅरामीटरमध्ये (झेड आणि वाय यांचं मिश्रण, खूण एच) चिन्ह उलटतं, एच१२ बरोबर उणे एच२१. नुसते रेझिस्टन्स, इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या जाळ्याला हे लागू होतंच.

इथे एक गफलत दर वर्षी होते. मुलं परस्परता आणि सममिती एकच समजतात. झेड११ आणि झेड२२ सारखे असणं ही सममिती, म्हणजे पेटी उलटी ठेवली तरी फरक कळणार नाही. परस्परतेला त्याची गरज नाही. दोन्ही बाजूंनी अगदी वेगळी दिसणारी पेटीसुद्धा रेसिप्रोकल असते, आणि या प्रकरणाची गंमत त्याच वेगळेपणात आहे.

या पेटीत तीन रेझिस्टन्स टी आकारात जोडलेले होते: पोर्ट १ कडे १ किलोओहम, पोर्ट २ कडे ४.७ किलोओहम आणि मधल्या उभ्या पायात २.२ किलोओहम. म्हणजे झेड११ यायला हवा ३.२, झेड२२ यायला हवा ६.९, आणि झेड१२ व झेड२१ दोन्ही २.२ किलोओहम. हे मला माहीत होतं, मुलांना नाही.

अडचण

गटाकडे एक डीसी सप्लाय, दोन मिलिअँमीटर आणि काट्याचा एकच व्होल्टमीटर होता. हा व्होल्टमीटर मूव्हिंग कॉइलचा, ० ते १५ आणि ० ते ३० व्होल्ट अशा दोन रेंजचा. सप्लायचं व्होल्टेज आधी बघायचं, मग तोच मीटर उचलून दुसऱ्या पोर्टला लावायचा, असा क्रम मॅन्युअलमध्ये दिला होता.

पोर्ट २ मोकळा ठेवून पोर्ट १ ला १२.८ व्होल्ट दिले, करंट ४.० मिलिअँपिअर आला. मीटर पोर्ट २ वर नेला, काटा ६.५ व्होल्टवर थांबला. म्हणजे झेड११ बरोबर ३.२ आणि झेड२१ बरोबर १.६२ किलोओहम.

मग उलट बाजू. पोर्ट २ ला १३.८ व्होल्ट, करंट २.० मिलिअँपिअर, पोर्ट १ वर ३.७५ व्होल्ट. झेड२२ बरोबर ६.९ आणि झेड१२ बरोबर १.८८ किलोओहम.

१.६२ आणि १.८८. काटा वाचताना ०.१ व्होल्टची चूक झाली तरी पहिल्या आकड्यात दीड टक्का आणि दुसऱ्यात पावणेतीन टक्के फरक पडेल. इथे अंतर चौदा टक्क्यांच्या आसपास होतं. शॉर्ट-सर्किटची रीडिंग घेऊन ए-बी-सी-डी काढले तर ए×डी वजा बी×सी १.३५ आलं.

नोंदवही लिहिणारी मुलगी माझ्याकडे आली. "मॅडम, एक यायला पाहिजे होतं, एक पूर्णांक पस्तीस शतांश येतंय."

मी रीडिंगांकडे वरवर नजर टाकली आणि म्हणाले, "परत घ्या, कनेक्शन ढिलं असेल."

ही या प्रकरणातली पहिली चूक, आणि ती माझी. कनेक्शन ढिलं असतं तर रीडिंग दर वेळी वेगळं आलं असतं. त्यांनी परत घेतलं आणि तेच आकडे आले. पुन्हा पुन्हा तेच येणारं चुकीचं उत्तर म्हणजे कारण ठाम आहे, ढिलं नाही. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. अर्धा तास त्यात गेला.

समोरचे पर्याय

गटात त्यानंतर जी चर्चा झाली ती मी मुद्दाम बाजूच्या टेबलापाशी थांबून ऐकली.

एकाचं म्हणणं सरळ होतं: सिनियरच्या जर्नलमध्ये २.२ आहे, तेच लिहू, सबमिशन जवळ आलंय. हा पर्याय प्रत्येक प्रयोगशाळेत असतो आणि त्याला मुलांच्या भाषेत नावही आहे, रीडिंग बसवणं. त्या मुलावर मला राग आला नाही. प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं आहे असं आपणच छापून दिलं, तर मुलं दुसरं काय करणार?

दुसऱ्याचा तर्क हुशारीचा होता. पेटी रेसिप्रोकल नाहीच, आत डिपेंडंट सोर्स (दुसरीकडच्या व्होल्टेज किंवा करंटवर अवलंबून चालणारा स्रोत) असेल, ट्रान्झिस्टरसारखा, असं तो म्हणाला. ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमध्ये एच१२ आणि एच२१ यांचा मेळ बसत नाही हे तो नुकतंच शिकला होता. पुस्तकी दृष्टीने हे बरोबर आहे. रीडिंग खरी मानली तर परस्परता मोडलेली आहे, आणि ती मोडणारे घटक जगात आहेत. बर्नार्ड टेलेगेन यांनी १९४८ साली जायरेटर नावाचा घटक मांडला, तो तर आतून कसलीही ऊर्जा न देणारा, तरीही रेसिप्रोकल नसणारा. मायक्रोवेव्हमधले, सिग्नल ठरावीक दिशेनेच जाऊ देणारे फेराइटचे आयसोलेटर आणि सर्क्युलेटर याच गुणावर चालतात.

तिसरी मुलगी म्हणाली, आत डायोड असेल, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. तोही तपासण्याजोगा अंदाज होता.

चौथा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, "मीटर तिकडे लावला की इकडचा काटा हलतो."

सगळा उलगडा या एका वाक्यात होता. पण त्या क्षणी त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, मीसुद्धा नाही.

एक एक पर्याय बाद करताना

पेटी उघडायची परवानगी नव्हती, आणि ते बरंच झालं. उघडली असती तर तीन रेझिस्टन्स दिसले असते, उत्तर मिळालं असतं आणि प्रश्न तिथेच मेला असता.

डायोडचा अंदाज आधी तपासला. सप्लाय निम्मा केला, ६.४ व्होल्ट. करंट २.० झाला, पोर्ट २ चं व्होल्टेज सव्वातीन झालं. सगळं नेमकं निम्मं. सप्लायची तोंडं उलटी केली, आकडे तेच, चिन्ह उलट. म्हणजे जाळं रेषीय आहे आणि दोन्ही दिशांना सारखं वागतं. डायोड बाद.

डिपेंडंट सोर्सचं काय? मी त्या मुलाला विचारलं, "पेटीला बॅटरी आहे का? सप्लायची वेगळी वायर येते का?" नाही. ॲम्प्लिफायरसारखा घटक वीज न देता चालणार नाही. "मग जायरेटर?" त्याने चटकन विचारलं. प्रश्न रास्त होता. नुसतं पॅसिव्ह, म्हणजे स्वतः ऊर्जा न देणारं, असणं म्हणजे रेसिप्रोकल असणं नव्हे, हा फरक त्याला कळला होता याचा मला आनंद झाला. तोंडी वादाने तो अंदाज बाद करता येत नव्हता, मोजमापानेच करावा लागणार होता.

मग मी एवढंच विचारलं, "तुमच्या हातात वाय पॅरामीटर आहेत. ते काय सांगतात?"

खरं तर हा प्रश्न मी अर्ध्या तासापूर्वी विचारायला हवा होता. शॉर्ट-सर्किटच्या चाचणीत पोर्ट २ मिलिअँमीटरने जवळजवळ शॉर्ट केला होता आणि पोर्ट १ ला १० व्होल्ट दिले होते. करंट आले ४.० आणि १.२८ मिलिअँपिअर. म्हणजे वाय११ बरोबर ०.४०० आणि वाय२१ उणे ०.१२८ मिलिसीमेन्स. उलट बाजूने वाय२२ आला ०.१८६ आणि वाय१२ उणे ०.१२८. वाय१२ आणि वाय२१ तंतोतंत जुळत होते.

एकच पेटी शॉर्ट करून मोजली तर रेसिप्रोकल, मोकळी ठेवून मोजली तर नाही. असं होऊच शकत नाही. वाय मॅट्रिक्सचा व्यस्त म्हणजेच झेड मॅट्रिक्स, आणि सममित मॅट्रिक्सचा (चार आकड्यांचा तक्ता, ज्यात १२ आणि २१ सारखे; पेटीच्या सममितीशी याचा संबंध नाही) व्यस्तही सममितच असतो. मुलांनी फळ्यावर व्यस्त काढला. झेड११ आला ३.२१, झेड२२ आला ६.८९, आणि झेड१२ व झेड२१ दोन्ही २.२१ किलोओहम.

फळ्यासमोर क्षणभर शांतता होती. जायरेटर गेला, डिपेंडंट सोर्स गेला. पेटी निर्दोष. चूक मोकळ्या पोर्टच्या चाचणीत होती, आणि तीही फक्त दोन व्होल्टेजमध्ये, कारण झेड११ आणि झेड२२ बरोबर आले होते.

निर्णायक क्षण

आता चौथ्या मुलाचं वाक्य मला आठवलं. "काटा हलतो म्हणालास, परत दाखव."

पोर्ट १ ला १२.८ व्होल्ट, मिलिअँमीटर ४.० वर. व्होल्टमीटरच्या वायर पोर्ट २ ला टेकवल्या, काटा ४.३ वर गेला. काढल्या, परत ४.०. पोर्ट खरोखर मोकळा असेल तर तिथे काय लावलं याचा पहिल्या पोर्टला पत्ताच लागायला नको. काटा हलला याचा अर्थ पोर्ट मोकळा नव्हता. त्याला व्होल्टमीटर जोडलेला होता, आणि व्होल्टमीटर करंट पीत होता.

डायलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं: दर व्होल्टला १००० ओहम. १५ व्होल्टच्या रेंजवर मीटरचा रेझिस्टन्स १५ किलोओहम. पोर्ट २ मधून मागे पाहिलं तर, पोर्ट १ ला सप्लाय जोडलेला असताना, पेटीचा रेझिस्टन्स सुमारे ५.४ किलोओहम. खरं ८.८ व्होल्ट या दोघांत वाटलं जातं आणि मीटरच्या वाट्याला साडेसहाच्या आसपास येतात. उलट बाजूने पोर्ट १ मधून मागे पाहिलं तर रेझिस्टन्स फक्त २.५ किलोओहम. तिथे मीटर कमी पीतो, म्हणून खरे ४.४ व्होल्ट पावणेचारपर्यंतच उतरतात.

दोन्ही रीडिंग कमी, पण सारखी कमी नाहीत, कारण पेटी सममित नाही. तीच मापाची चूक सममित पेटीत दोन्ही बाजूंना सारखी बसली असती आणि कुणाच्या लक्षातही आली नसती.

मुलीने मीटरची रेंज ३० व्होल्टवर फिरवली. सप्लाय तोच, पेटी तीच, आणि ६.५ चे ७.५ व्होल्ट झाले. रेंज बदलल्यावर रेझिस्टन्स ३० किलोओहम झाला, पिणं कमी झालं. हा प्रयोग मी स्वतः सुचवला नव्हता, म्हणून तो मला जास्त मोलाचा वाटतो. या दोन रीडिंगांवरून खरं व्होल्टेज काढता येतं: दुसऱ्या रीडिंगच्या व्यस्तांकाची दुप्पट वजा पहिल्याचा व्यस्तांक, म्हणजेच खऱ्या व्होल्टेजचा व्यस्तांक. उत्तर ८.८६ आलं. डिजिटल मीटर नसलेल्या प्रयोगशाळेत एवढंही पुरतं.

परस्परता मोडलीच नव्हती

हा भाग मुलांना समजावताना मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि प्रकरण लिहायचं खरं कारणही हेच आहे.

व्होल्टमीटर हा फक्त एक रेझिस्टन्स आहे. पेटी अधिक व्होल्टमीटर हे जाळंही रेसिप्रोकलच असतं. मग आकडे का जुळले नाहीत? कारण आपण एक जाळं दोनदा मोजलंच नाही. पहिल्या वेळी मीटर पोर्ट २ वर होता, दुसऱ्या वेळी पोर्ट १ वर. ती दोन वेगळी जाळी होती, आणि परस्परतेचा नियम दोन वेगळ्या जाळ्यांची तुलना करत नाही.

डिपेंडंट सोर्सवाल्या मुलाने यावर लगेच विचारलं: मग दोन्ही पोर्टवर दोन सारखे मीटर कायमचे लावून ठेवले आणि मिलिअँमीटर सप्लायच्या बाजूला धरला तर?

गणित करून पाहिलं. दोन्ही बाजूंना १५ किलोओहम जोडल्यावर झेड१२ येतो १.२६ किलोओहम. झेड२१ सुद्धा १.२६. दोन्ही तंतोतंत सारखे, आणि दोन्ही खऱ्यापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त कमी. परस्परतेची परीक्षा उत्तम गुणांनी पास आणि उत्तर साफ चूक. परीक्षा पास झाली म्हणजे माप बरोबर, असं आम्ही शिक्षकही किती सहज धरून चालतो, ते मला त्या आकड्याने दाखवलं.

केलेली कृती

दुसऱ्या दिवशी गटाला डिजिटल मल्टिमीटर दिला, इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम. प्रयोगशाळेत असे दोनच होते आणि एकाची बॅटरी संपलेली होती. प्रयोगशाळेतल्या काकांनी ती बदलून आणली. रीडिंग आली ८.८० आणि ४.४० व्होल्ट. झेड१२ आणि झेड२१ दोन्ही २.२० किलोओहम. ए×डी वजा बी×सी ०.९९. वायर पोर्ट २ ला टेकवल्या तेव्हा मिलिअँमीटरचा काटा जागचा हलला नाही.

जर्नलमध्ये दोन्ही तक्ते लिहायचे, जुना खोडायचा नाही, असं मी सांगितलं. गुण दोन्ही मिळून दिले.

त्याच आठवड्यात मी कपाट उघडून मागच्या वर्षांची चार जर्नल काढली. उपकरणांच्या यादीत चारही ठिकाणी तोच मूव्हिंग कॉइल मीटर, १५ व्होल्टची रेंज. पोर्ट २ चं व्होल्टेज चारही ठिकाणी ८.८. त्या पेटीवर त्या मीटरला ८.८ दाखवणं शक्यच नव्हतं. चारही पानांवर माझी सही होती.

त्या मुलांना बोलावून जाब विचारावा का, याचा मी विचार केला आणि तो सोडून दिला. मॅन्युअलमध्ये "अपेक्षित निष्कर्ष: झेड१२ बरोबर झेड२१" असं आम्हीच छापलं होतं, आणि त्या मीटरने तो निष्कर्ष प्रामाणिकपणे येणं अशक्य होतं. मुलांसमोर दोनच रस्ते उरत होते, खोटं लिहिणं किंवा गुण घालवणं. विभागाच्या बैठकीत मी हे जसं घडलं तसं मांडलं. काहींना ते आवडलं नाही. मॅन्युअल मात्र बदललं.

आता अपेक्षित निष्कर्षाची ओळ त्यात नाही. शॉर्ट-सर्किटची चाचणी आधी होते, कारण मिलिअँमीटरचा काही दहा ओहमचा रेझिस्टन्स किलोओहमच्या पेटीत नगण्य असतो आणि वाय पॅरामीटर भरवशाचे मिळतात. पेटीत ओहमच्या घरातले रेझिस्टन्स असते तर उलट झालं असतं, मिलिअँमीटरनेच घोळ घातला असता आणि व्होल्टमीटर निर्दोष ठरला असता. म्हणून क्रम पाठ करण्यापेक्षा मीटर आणि पेटी यांच्या रेझिस्टन्सची तुलना आधी लिहायला लावतो. मोकळ्या पोर्टला मीटर लावताना दुसऱ्या बाजूच्या काट्यावर नजर ठेवायची, ही सूचना चौथ्या मुलाच्या निरीक्षणातून आली.

वेगळं काय करता आलं असतं

मी "परत घ्या" म्हणाले त्याऐवजी "काय काय पाहिलंत?" असं विचारलं असतं, तर चौथा मुलगा तेव्हाच बोलला असता. गप्प मुलाने पाहिलेली गोष्ट सर्वांत शेवटी बाहेर येते, हे मला या वयात नव्याने कळावं याचं वाईट वाटतं.

वाय आणि झेड यांची पडताळणी प्रयोगाच्या शेवटी न ठेवता मध्येच करायला हवी होती. दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेली तीच राशी जुळते का, ही तपासणी परस्परतेच्या तपासणीपेक्षा कडक आहे. दोन्ही बाजूंना सारखी बसलेली चूक परस्परतेला दिसत नाही. व्यस्त मॅट्रिक्सला ती दिसते, कारण मोकळ्या आणि शॉर्ट चाचणीतल्या मीटरच्या चुका एकसारख्या नसतात.

पेटी मुद्दाम सममित ठेवावी, म्हणजे आकडे जुळतील, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. मी तयार झाले नाही. पेटी अजून तीच आहे, १, ४.७ आणि २.२.

शेवटची नोंद

सबमिशनच्या दिवशी गटाच्या जर्नलमध्ये एक पान जास्तीचं होतं. चुकीच्या रीडिंगांचं काय करायचं, याचा त्यांनी विचार केला होता. झेडचं खरं मूल्य २.२ आणि मिळालेलं मूल्य माहीत असल्यावर उलट गणिताने व्होल्टमीटरचा रेझिस्टन्स काढता येतो. पोर्ट २ च्या रीडिंगवरून १५.२ किलोओहम आला, पोर्ट १ च्या रीडिंगवरून १४.४. डायलवर छापल्याप्रमाणे १५. खाली नोंदवही लिहिणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, "पहिल्या दिवशी आम्ही पेटी नाही, मीटर मोजला." त्या पानावर मी सही केली.